दोन माणसांचा सामता

आमच्या इमारतीत कुणाच्याही घरी इलेक्ट्रिक ड्रिलचा आवाज सुरू झाला, की थोड्याच वेळात अख्ख्या इमारतीची वीज जाते. यात वीज कंपनीचा काही दोष नसतो. तळमजल्यावरचे मगदूम आण्णा हातातला चहाचा कप खाली ठेवतात, शेजारच्या मीटरच्या खोलीत जातात आणि मेन स्विच खाली ओढतात. मग जिन्याच्या तोंडाशी उभे राहून वर बघत ओरडतात, "कोण हाय रं ते? लाकडाला इचारलं का?"

लाकूड काय उत्तर देणार? पण माणसं उत्तर द्यायला खाली येतातच, कारण तोवर लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलेलं असतं. बहुतेक वेळा तो मीच असतो. माझा स्वभाव मुळात अपराधी. लिफ्ट मध्येच थांबली की मला आधी वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. अंधारात उभं राहून मी दिवसभरात कुणाला काय बोललो ते आठवत बसतो. दिवे आल्यावर बाहेर पडतो आणि आण्णांनाच "सॉरी" म्हणून वर जातो. माझी बायको सुजाता म्हणते, "तुम्ही त्यांना सॉरी म्हणायला लागलात म्हणूनच ते शेफारलेत." तिचं खरं असावं. तेही माझ्याच खात्यावर.

आण्णा सत्तरीच्या पुढचे. नोकरी सरकारी गोदामात, स्टोअरकीपर म्हणून. सुतारकामाशी त्यांचा जन्मात संबंध आलेला नाही. पण हातानं भोक पाडायच्या हत्यारांचं त्यांना वेड आहे. सामता हा शब्द आता किती जणांना ठाऊक असेल मला शंका आहे. मलाही नव्हता. सामता म्हणजे जुन्या सुतारांचं भोक पाडायचं हत्यार. एक लाकडी दांडी, तिच्या खाली पोलादी टोक, वर हातानं दाबायला टोपी आणि दांडीला वेढा दिलेली दोरी, कधी धनुष्यासारख्या कमानीला ताणलेली, कधी सुटी. दोरी मागंपुढं ओढली की दांडी गरगर फिरते आणि टोक लाकडात शिरतं. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर माणूस जेवणवेळ टाळून बोलू शकतो, हे मला कळंब्याच्या या इमारतीत राहायला आल्यावर समजलं.

आण्णांच्या दारातून आत बघितलं की समोरच्या भिंतीवर सामतेच सामते टांगलेले दिसतात. लोक देवाच्या तसबिरी लावतात तसे. आत कधी कुणाला बोलवत नाहीत. दारात उभं राहून बोटानं दाखवतात. "त्यो आजऱ्याकडचा. कमान बघ, वेताची हाय. त्यो राधानगरीचा, कमान बांबूची. त्यो बारका सोनाराचा, वरनं खाली दाबायचा. आणि त्यो कोपऱ्यातला..." कोपऱ्यातला म्हणजे दांडा फिरवून चालवायचा, दात्यांच्या चाकाचा, कारखान्यात झालेला. त्याच्याकडे ते बघत नाहीत. "ती शिलाई मशीन हाय. कुणीतरी दिली, टाकवंना म्हणून ठेवली."

त्यांचं म्हणणं असं की माणूस कुठला हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, सामत्यावरून कळतं.

"घाटावर कमान," ते मला सांगत होते. मी हातात दुधाच्या पिशव्या घेऊन उभा होतो आणि दूध तापायला लागलं होतं. "एका हातानं टोपी दाबायची, दुसऱ्या हातानं कमान वढायची. एकटा माणूस सगळं करतोय. घाटावरचा माणूस कुणाचं ऐकतोय व्हय? म्हणून कमान. आता खाली कोकणात जा. तिथं कमान न्हाय. नुसती दोरी. एकानं दोन्ही हातांनी टोपी दाबायची, दुसऱ्यानं समोर बसून दोरीची दोन टोकं वढायची, एकदा हे, एकदा ते. कोर्टात भाऊ भावाच्या विरुद्ध उभा असतोय, पण होडीला भोक पाडायचं म्हटल्यावर त्याच भावाला हाक मारावी लागती."

"आणि निपाणीकडं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"बैरिगी. दोरीबी न्हाय, कमानबी न्हाय. आडवी मूठ, ती दोन्ही हातांनी पिळायची. कानडी माणूस मुकाट्यानं पिळत बसतोय. कुणाला पत्ता न्हाय, आणि भोक आरपार."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? दिसतंय की."

आण्णांचं शास्त्र हे असं आहे. ते खरं की खोटं मला सांगता येणार नाही. त्या दिवशी दूध नासलं एवढं खरं.

तिसऱ्या मजल्यावर नवं स्वयंपाकघर बसवायला जोधपूरकडचा एक कारागीर आला होता. त्यानं ड्रिल लावलं, आण्णांनी वीज घालवली. तो बिचारा घाबरून खाली आला. आण्णांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पावणं, गाव कंचं?" त्यानं सांगितलं. झालं. "तुम्हारे गाव में सामते को बरमा बोलते न्हवं? दोरी सूत की हाय का चमडे की?" त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं दारातच बसून गावी आजोबांना फोन लावला. फोनवर आजोबा काहीतरी लांबलचक सांगत राहिले आणि आण्णा प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिले. दोरी उंटाच्या कातड्याची असायची, असं निघालं. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर पुढं कितीतरी दिवस अर्धवट पडून होतं, पण आण्णा भेटेल त्याला उंटाचं सांगत होते. मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी नव्यानं ऐकल्यासारखं केलं.

आता कुणाला वाटेल, एवढं वेड आहे म्हणजे हातात कसब असणार. ते नाही. आण्णांनी पाडलेलं भोक तिरकं जातं. इमारतीत नव्यानं राहायला येणाऱ्याच्या दारावर नावाची पाटी लावायचा मान ते स्वतःकडे घेतात, आणि नाही म्हणायची सोय नसते, कारण मीटरची खोली त्यांच्या शेजारी आहे. त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या पाट्या एका अंगाला कललेल्या आहेत. कुरिअरवाला आमच्या जिन्यात शिरला की आपोआप मान वाकडी करतो.

हे सगळं मी सहन करत होतो. मग आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे वडील. हयातभर इथल्याच एका फाउंड्रीत साचेकाम केलं आणि निवृत्त झाल्यावर नेसरीला गावी जाऊन राहिले. तिथं त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणंही अडखळायला लागलं. मी त्यांना इकडे आणलं. पाय हळूहळू थोडा सुधारला, धरून धरून चालायला लागले. हात मात्र मांडीवर पडलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी तिथं राहून गेल्यासारखा. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं रबरी चेंडू दिला. तो उजव्या हातात धरून दाबायचा, सोडायचा. आप्पांनी एक दिवस त्याच्याकडे बघितलं, डाव्या हातानं उचलला आणि गॅलरीतून खाली फेकला. मग भिंतीकडे तोंड करून पडले. ती मुलगी म्हणाली, "त्यांची इच्छाच नाही तर मी काय करू?" आणि यायची बंद झाली.

मी एका शाळेत लेखनिक आहे. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. आप्पांजवळ बसायला वेळ होत नाही आणि वेळ झाला की काय बोलावं सुचत नाही. मी त्यांना विचारायचो, "आप्पा, बरं वाटतंय का?" ते भिंतीला सांगायचे, "हूं." माझं कर्तव्य संपायचं आणि अपराध सुरू व्हायचा.

चेंडू पडला होता तो आण्णांच्या अंगणात. तो घेऊन ते वर आले. "ह्यो कुणाचा? वरनं पडला." मी माफी मागितली, अर्थातच. आण्णा तोवर आप्पांच्या खोलीच्या दारात जाऊन उभे होते. पलंगावरच्या पाठीकडे ते बराच वेळ बघत राहिले. "कंचा हात?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"असं," म्हणाले आणि चेंडू खिशात घालून निघून गेले. आमचा चेंडू घेऊन गेले, हे दार लावल्यावर माझ्या लक्षात आलं. मागायला जायचं धाडस झालं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला धरायला दांडा बसवा, हा माणूस एकदा पडला तर अवघड होईल. मी गवंड्याकडून भिंतीत लोखंडी पट्ट्या सिमेंटनं बसवून घेतल्या. लक्ष्मीपुरीतून सागवानी दांडा आणला, चांगला जाड. त्याला सहा आरपार भोकं पाडून बोल्टनं पट्ट्यांवर कसायचं, एवढंच काम. रविवारी ड्रिलवाला बोलावला. त्यानं यंत्र लावलं, एकदा घुर्र झालं आणि पंखा थांबला.

"लाकडाला इचारलं का?" खालून आवाज आला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा चिडून खाली गेलो. "आण्णा, हे माझ्या वडिलांसाठी आहे. दांडा आजच्या आज लागायला पाहिजे."

"मग मी हाय की, मिलिंदा. मी पाडतो भोकं."

"तुम्हाला किती दिवस लागतील?"

"घाई कुणाला हाय? आप्पास्नी हाय का तुला?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण माणूस वयानं मोठा, आपण मोठ्या आवाजात बोललो, जिन्यात दोघे-तिघे ऐकत होते. मला राग आला की पाठोपाठ त्याची लाज वाटते. त्या लाजेच्या भरात मी "बरं" म्हणालो. ड्रिलवाला माझ्याकडे दयेनं बघत निघून गेला.

संध्याकाळी आण्णा सामता घेऊन आले. आणि भिंतीवरचा एकही कमानीचा सामता न आणता त्यांनी आणला होता कोकणातला, दोन माणसांचा. टोपी म्हणून वर नारळाची करवंटी, दांडीला काथ्याची दोरी. आप्पांच्या पलंगासमोर फरशीवर दांडा आडवा ठेवून ते गुडघे टेकून बसले, करवंटीवर दोन्ही पंजे दाबले आणि मला म्हणाले, "वढ."

मी समोर बसून दोरी ओढली. माझा हात कागद हाताळणारा. चार-सहा हिसक्यांत खांदा भरून आला. आण्णा म्हणाले, "तू भात कांडतोयस का? दमानं. दोरीला राग दाखवू नगंस." मी आणखी थोडं ओढलं आणि मग उद्याचं काम आहे म्हणून उठलो. लाकडावर नखानं ओरखडल्याएवढी खूण झाली होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर आप्पा खुर्चीत बसलेले. समोर आण्णा गुडघे टेकून. दोरीची दोन टोकं आप्पांच्या दोन हातांना दिलेली. उजव्या हाताच्या बोटांना फडक्यानं टोक बांधलेलं.

"आण्णा, हे काय चाललंय?"

"भोक."

"अहो, ते आजारी आहेत."

"मी कुठं म्हणतोय न्हाईत म्हणून?"

आप्पांचा डावा हात धडधाकट. त्यानं ओढलं की दांडी फिरायची आणि उजवा हात आपोआप पुढं खेचला जायचा. मग उजव्याची पाळी. आणि तिथं सगळं थांबायचं. दोरी सैल, दांडी उभी, आण्णा करवंटीवर हात दाबून गप्प, आप्पा आपल्याच मनगटाकडे बघत. दोघंही बसची वाट बघावी तसे बसून राहायचे. मग कधीतरी दोरी बोटभर हलायची. आण्णा म्हणायचे, "आली. आता ह्या बाजूची सोड."

असं भोक पाडायला किती वेळ लागतो, याचा कुणीही अंदाज करावा. पहिलं भोक संपायला आठवडा उलटून गेला. सुजाताला हे सगळं ठीक वाटत होतं. ती म्हणायची, "दुपारी घरात आवाज असतो. बरं वाटतं." मला बरं वाटत नव्हतं. भिंतीवर मोकळ्या पट्ट्या होत्या, आप्पा कपाटाला धरून बाथरूमला जात होते आणि माझे ऐंशीच्या घरातले वडील शेजाऱ्याच्या छंदासाठी राबत होते. लोक काय म्हणतील? लेखनिक मुलगा कामावर, आणि लकवा मारलेला बाप सुतारकाम करतोय.

त्यात एक दिवस मी लवकर घरी आलो आणि जिन्यातच मला आप्पांचा आवाज ऐकू आला. ते आण्णांना शिव्या देत होते. जीभ जड, शब्द तुटके, पण शिव्या स्पष्ट. फाउंड्रीतल्या, भट्टीसमोरच्या, अस्सल. "सरळ... धर की... तुझ्या..." पुढचं लिहिता येत नाही. आण्णाही तेवढ्याच आवाजात उत्तर देत होते, "तुमच्याकडनं वढणं हुईना आणि माझ्या धरण्याला नावं ठेवताय व्हय?"

मी दाराबाहेर उभा राहिलो. मला वाटलं, आप्पा वैतागलेत. कुणीतरी आजारी माणसाला जबरदस्तीनं कामाला लावलंय आणि तो आपल्या मोडक्या जिभेनं विरोध करतोय. आणि हे सगळं माझ्या घरात, माझ्या बुळेपणामुळे. त्या संध्याकाळी मी आप्पांना विचारलं, "आण्णांचा त्रास होतो का?" आप्पा म्हणाले, "लई." मला तेवढं पुरलं.

दोन भोकं झाली होती आणि तिसरं अर्धं, तेव्हा आप्पा बाथरूमच्या दाराशी घसरले. सकाळची वेळ, मी घरी होतो. ते गुडघ्यावर बसले, दाराची चौकट डाव्या हातात होती म्हणून निभावलं. लागलं काही नाही. पण त्यांना उचलताना माझ्या हातात त्यांचं वजन आलं आणि ते इतकं कमी होतं की माझा धीर सुटला. मी तसाच सागवानी दांडा खांद्यावर टाकला, रिक्षात आडवा घातला आणि उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये नेला.

तिथल्या माणसानं दांडा यंत्राखाली धरला. "दोन पडल्यात की आधीच," तो म्हणाला. "चांगली पडल्यात. मापात." मी घाईत होतो. उरलेली भोकं पाडून घेऊन मी रिक्षात बसलोसुद्धा, आणि त्याचं बोलणं माझ्या कानावरून गेलं.

परत आलो तेव्हा आण्णा आलेले होते. आप्पा खुर्चीत, बोटांना फडकं बांधून तयार. मी दांडा फरशीवर ठेवला. "झाली भोकं," मी म्हणालो. "आज सकाळी आप्पा पडता पडता वाचले, आण्णा. तुमचा छंद तुमच्या घरी ठेवा. माझा बाप म्हणजे तुमचं खेळणं नाही."

एवढं लांब आणि एवढं कठोर वाक्य मी आयुष्यात कुणाला बोललो नव्हतो. आण्णा काहीतरी ओरडतील म्हणून मी वाट बघितली. ते वाकले, दांड्यावरच्या नव्या भोकांतून बोट फिरवलं. "बरं झालं," म्हणाले. "काम झालं की." मग आप्पांच्या बोटांचं फडकं सोडलं, घडी घातली, दोरी दांडीला गुंडाळली आणि करवंटी काखेत मारून निघून गेले. दार हळू लावलं. आण्णांना दार हळू लावता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

दांडा मी लगेच बसवला. भक्कम बसला. आप्पांना म्हणालो, "बघा, आता कशाची भीती नाही." आप्पांनी दांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मला वाटलं, दमले असतील.

पुढचे दिवस ते तसेच होते. दांड्याला धरून बाथरूमला जायचे, परत यायचे, भिंत. हात पुन्हा मांडीवर. सुजाता माझ्याशी कामापुरतं बोलत होती. शेवटी एकदा भाकऱ्या करता करता म्हणाली, "तुमची यायची वेळ झाली की आप्पा शिव्या थांबवायचे, ठाऊक आहे? बाकी सगळी दुपार चालायच्या. मी स्वयंपाकघरात हसत असायची."

"मला ते म्हणाले, आण्णांचा लई त्रास होतो."

"मग? फाउंड्रीतला माणूस दुसऱ्या माणसाबद्दल आणखी काय बोलणार? लई गोड वाटतो म्हणून?"

लहानपणी मी आप्पांच्या फाउंड्रीत डबा द्यायला जायचो. तिथं ज्याच्या नावानं जास्त शिव्या, तो जवळचा, हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझ्यासारख्या सभ्य माणसाला आप्पांनी कधीच शिवी दिली नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी पडद्याचा दांडा लावायला ड्रिल सुरू केलं. मी लिफ्टमध्ये होतो. सवयीनं डोळे मिटून उभा राहिलो. घुर्र आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. लिफ्ट खाली पोचली. दार उघडलं. दिवे चालूच होते. जिन्याच्या तोंडाशी कुणी नव्हतं.

मला ते सहन झालं नाही. मी आण्णांचं दार वाजवलं.

"उघडंच हाय," आतून आवाज आला, साध्या आवाजात. मी पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं. आण्णा खाटेवर बसले होते. कोकणातला सामता शेजारी ठेवलेला, करवंटीसकट. आमचा चेंडू खिडकीत होता, आणि त्याच्या शेजारी तसाच आणखी एक, रंग उडालेला.

"ड्रिल वाजत होतं," मी म्हणालो.

"ऐकलं. ज्याला घाई हाय त्याला असू दे."

माझी नजर खाली गेली. खाटेखाली एक पाट होता. जेवायला बसायचा साधा पाट, पण भोकांनी चाळण झालेला. ओळीनं भोकं, एकाला लागून एक. वरच्या ओळी सरळ, एकसारख्या. खालच्या दोन-तीन ओळी तिरक्या गेलेल्या.

आण्णांनी मला बघताना बघितलं. "ते आमच्या मंडळींचं," म्हणाले.

त्यांची बायको मी इमारतीत यायच्या आधीच गेलेली. ती कोकणातली, देवगडकडची, एवढंच ऐकून होतो. आण्णांनी पाट खाटेखालून ओढला. "तिचा बाप होड्या करायचा. त्यो दाबायचा, ही दोरी वढायची. परकर घालत हुती तवापासनं. मी बदलीवर तिकडं गेलतो, तिथनं लगीन करून आणली, तर संगं ह्यो सामता. मी म्हटलं, ह्यो कशाला? तर म्हणती, असू दे. तीस वरसं माळ्यावर पडून हुता. मग तिचा हात गेला. उजवा."

ते रंग उडालेल्या चेंडूकडे बघत होते. "डॉक्टरनं ह्यो दिलता. तिनं खिडकीतनं टाकला. आणून दिला, परत टाकला. तवा मी माळ्यावरनं ह्यो सामता काढला. मला धरता येत न्हवतं. तिच्या लई शिव्या खाल्ल्या. मालवणी शिव्या, मिलिंदा, निम्म्या कळायच्याबी न्हाईत."

"आणि मेन स्विच?"

"ड्रिल वाजलं की दचकायची. दोरी हातातनं सुटायची. म्हणून बंद करत हुतो." त्यांनी पाटावरून हात फिरवला, वरच्या ओळींवरून खाली. "ही खालची मागनं एकट्यानं पाडली. कमानीनं."

मी तिरक्या ओळींकडे बघितलं आणि वर्कशॉपमधला माणूस आठवला. चांगली पडल्यात, मापात. बायको गेल्यावर आण्णांच्या हातून एकच सरळ काम झालं होतं, आणि ते माझ्या घरात, आप्पांच्या दोरीवर.

"आण्णा," मी म्हणालो, "तुमच्याकडे कमानीचे एवढे आहेत. दांड्याची सहाच्या सहा भोकं तुम्ही एकटे एका दुपारी पाडली असती."

"पाडली असती की. वाकडी."

ते हसले नाहीत, मीही नाही. मला माफी मागायची होती. आयुष्यभर लिफ्टवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना विनाकारण सॉरी म्हणत आलेल्या माणसाला त्या घरात तो शब्द सापडेना. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत वळलो.

"आण्णा, एक फळी आहे घरी. तिला भोकं पाडायची होती."

"कशाला?"

"ते ठरलं नाही अजून. पण भोकं पाहिजेत."

आण्णांनी मान वर केली. माझ्याकडे बघायची त्यांची जुनी नजर परत आली होती, माल पारखणाऱ्या स्टोअरकीपरची. "लाकूड कंचं?"

"आंब्याचं."

"मऊ असतंय," ते नाखुशीनं म्हणाले. "दोन-चार दिवसांत आरपार हुईल."

"मग बाभळीचं आणतो."

"बाभळीला लई दिवस लागत्यात. महिना म्हणू नगंस, दोन म्हणू नगंस."

"लागू देत."

आण्णांनी सामता उचलला, करवंटी धोतराच्या टोकानं पुसली, दोरी एकदा ताणून बघितली. मग दोन्ही चेंडू तिथंच ठेवून दाराकडे आले आणि पायांत चपला सरकवत विचारलं, "आप्पा उठल्यात का?"

"भिंतीकडे तोंड करून पडलेत."

"म्हंजे जागं हायत," आण्णा म्हणाले, आणि लिफ्टकडे न बघता जिना चढायला लागले.